वाचक विचारतात: सोळाशे वर्षांपूर्वी यरुशलेमला गेलेली एगेरिया

मागच्या अंकात झावळ्यांच्या रविवारावर, म्हणजे येशू यरुशलेमात आला त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या रविवारी झावळ्या घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीवर, लेख होता, त्यात एका ओळीत म्हटलं होतं की या मिरवणुकीचं स्वतः बघून केलेलं सगळ्यात जुनं वर्णन एगेरिया नावाच्या एका बाईने लिहून ठेवलंय. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर तिलाच दिलंय. मला त्याचा आनंदच आहे, कारण हिचं नाव निघतं ते चर्चच्या उपासनेची माहिती देणारी म्हणून, लेखिका म्हणून तिच्याकडे फार कमी लोक बघतात, आणि माझं तर ठाम मत आहे की ती आधी लेखिका आहे, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: फादरांनी प्रवचनात एगेरियाचं नाव घेतलं, पण ती राणी होती, नन होती, कुठली होती, काहीच कळलं नाही. (वसईहून एक वाचक)

राणी नव्हती. राणी म्हणजे हेलेना, कॉन्स्टंटाइन बादशहाची आई, ती साधारण 326 च्या सुमाराला पवित्र भूमीत जाऊन आली होती, नावांच्या गर्दीत या दोघींची सरमिसळ होते म्हणून आधीच सांगते. एगेरिया त्यानंतर पन्नासेक वर्षांनी गेली, 381 ते 384 या काळात. ती बहुतेक स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिशिया भागातली असं बरेच अभ्यासक मानतात, काहीजण दक्षिण फ्रान्स म्हणतात कारण युफ्रेटिस नदी बघितल्यावर तिला ऱ्होन नदी आठवते, ती म्हणते प्रवाह तसाच जोरकस आहे पण ही नदी मोठी आहे.

अडचण अशी की तिच्या वहीची सुरुवातही हरवलीय आणि शेवटही, आपल्या हातात आहे तो मधला भाग, त्यामुळे स्वतःची ओळख तिने कुठे करून दिली असेल तर ती गेली. तिचं नाव आपल्याला कळतं ते सातव्या शतकातल्या वालेरियस नावाच्या स्पॅनिश साधूच्या पत्रातून, त्याने आपल्या सोबतच्या साधूंना लिहिलंय की बघा, पश्चिमेच्या समुद्राच्या पार टोकावरून ही बाई निघाली आणि एवढे डोंगर चढून आली. तो तिला नन म्हणतो. त्याच पत्राच्या वेगवेगळ्या प्रतींमध्ये नाव वेगवेगळं लिहिलंय म्हणून कुठे एगेरिया, कुठे एथेरिया असं दिसतं, बाई एकच.

आता नन की श्रीमंत घरातली भाविक बाई, यावर अजून वाद आहे, कारण तीन वर्षांहून जास्त काळ मठाबाहेर राहायला कोण देईल असं काहीजण विचारतात. पण तिच्या लिखाणातून एक गोष्ट अगदी स्पष्ट आहे, ती ज्यांना लिहितेय त्या सगळ्या बायका आहेत. पूज्य भगिनींनो, माझ्या बायांनो असं ती पानोपानी म्हणते, एके ठिकाणी तर त्यांना माझ्या डोळ्यांचा उजेड या अर्थाचं काहीतरी म्हणते. म्हणजे घरी मागे राहिलेल्या मैत्रिणी आहेत, त्या काही कधी इतक्या लांब येणार नाहीत, त्यांना सगळं दिसलं पाहिजे म्हणून ही लिहितेय, आणि हे डोक्यात ठेवून वाचलं की तिचं प्रत्येक वाक्य वेगळं वाटायला लागतं.

प्रश्न: त्या काळात बाई एकटी स्पेनहून सीनायपर्यंत कशी गेली? पैसा, सुरक्षितता, वाहन, काहीतरी सोय असेलच ना? (नाशिकहून)

एकटी नव्हती. ती कायम आम्ही असंच लिहिते, सोबत माणसं होती, शिवाय प्रत्येक गावात तिथले साधू, धर्मगुरू, बिशप हे पुढच्या टप्प्यापर्यंत सोबत येत. रस्ते रोमन साम्राज्याचे, चांगले, आणि साधारण एका दिवसाच्या अंतरावर मुक्कामाची ठाणी, तिथे राहायची आणि जनावरं बदलायची सोय. यरुशलेमपासून एदेसा शहरापर्यंत असे 25 मुक्काम लागतात हे तिने मोजून लिहिलंय.

सगळीकडे मात्र असं सुरळीत नव्हतं. सीनायवरून परत येताना क्लिस्मा म्हणजे आजच्या सुएझच्या बाजूने इजिप्तमध्ये शिरायचा जो पट्टा होता तो धोक्याचा, तिथे मधे मधे लष्करी चौक्या होत्या आणि एका चौकीवरून दुसऱ्या चौकीपर्यंत सैनिक आणि अधिकारी हिच्या सोबत चालत. मोठा सरकारी रस्ता लागल्यावर तिने सैनिकांना परत पाठवलं, आता त्यांना त्रास द्यायची गरज नाही म्हणून. आता तुम्हीच बघा, ज्या बाईला लष्कर बंदोबस्त देतं आणि बिशप भेटायला येतात ती साध्या घरातली नसणार. खर्चाबद्दल ती एक अक्षर लिहीत नाही, ज्याला पैशाची चिंता नसते तो माणूस जसा लिहीत नाही तसंच. हे मी मुद्दाम सांगते, कारण तिच्या धाडसाचं कौतुक करताना ही सोय प्रत्येक बाईला नव्हती हेही लक्षात ठेवायला हवं.

वाळवंटातला एक डिटेल मला फार आवडतो. सीनायच्या भागात फारान गाव आहे, तिथली माणसं उंटांवरून रात्रीचा प्रवास करतात. वाळूत रस्ताच नाही, मग ती माणसं ठिकठिकाणी खुणा लावून ठेवतात आणि रात्री त्या खुणांच्या आधाराने उंट बरोबर चालतात, सवयीच्या माणसाला त्या वाळवंटात रात्री फिरणं इतरांच्या दिवसा फिरण्याइतकं सोपं जातं असं ती सांगते. हे बायबलमधलं काही नाही, पुण्य मिळवायला उपयोगाचंही नाही, पण तिला ते दिसलं आणि मैत्रिणींना सांगावंसं वाटलं.

आणि सीनायची चढण, बायबलप्रमाणे मोशेला देवाने दहा आज्ञा दिल्या तो हा डोंगर. शनिवारी संध्याकाळी ती डोंगराच्या पायथ्याशी साधूंच्या झोपड्यांपाशी पोचते, त्यांनी प्रेमाने ठेवून घेतलं, रविवारी पहाटे तिथल्या धर्मगुरूला आणि साधूंना घेऊन चढायला सुरुवात. या डोंगरांवर वळणावळणाने हळूहळू चढता येत नाही, सरळ वर जायचं, भिंत चढावी तसं, मग तितकंच सरळ खाली उतरायचं आणि पुढचा डोंगर पकडायचा, असं करत करत मधल्या मुख्य डोंगराशी पोचायचं. बाकी ठिकाणी ती गाढवावर बसते, इथे गाढव चालतच नाही, पायीच. सकाळी दहाच्या सुमाराला माथ्यावर. आज जबल मूसा म्हणतात त्या शिखराची उंची 2285 मीटर धरतात. वर छोटंसं चर्च, कुणी राहत नाही, फक्त ते चर्च आणि मोशे जिथे थांबला होता असं सांगतात ती गुहा. तिथे मोशेच्या पुस्तकातला तो सगळा उतारा वाचला, उपासना झाली, आणि निघताना साधूंनी प्रसादासारखी फळं दिली, त्याच डोंगरावरची. डोंगर सगळा खडकाळ, झुडूपसुद्धा उगवत नाही, पण खाली पायथ्याशी साधूंनी थोडी थोडी माती धरून झाडं लावलीत, ती त्यांची फळं. मग ती खाली बघते आणि लिहिते की जे डोंगर काल मान वर करून बघावे लागत होते ते आता छोट्या टेकड्यांसारखे दिसतायत. तिथला सेंट कॅथरीनचा प्रसिद्ध मठ सहाव्या शतकात बांधला गेला, ही त्याच्या दीडेकशे वर्षं आधी गेली, तेव्हा तिथे जळत्या झुडपापाशी एक चर्च आणि त्याच्यासमोर सुंदर बाग एवढंच होतं.

प्रश्न: मी इंग्रजीत थोडं वाचलं. साधू जे जे दाखवतील ते सगळं ही खरं मानते, इथे मोशेने हे केलं, तिथे अब्राहामाचं घर. इतक्या भाबड्या लिखाणाला प्रवासवर्णन तरी का म्हणायचं? (पुण्याहून)

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच जुन्या अभ्यासकांनीही तिला भाबडी म्हटलंय, पण मला हे अजिबात पटत नाही. लोटच्या बायकोचा प्रसंग वाचा. बायबलमध्ये आहे की सदोम शहर जळताना मागे वळून बघितलं म्हणून लोटच्या बायकोचा मिठाचा खांब झाला, आणि तो खांब मृत समुद्राजवळ दिसतो अशी तेव्हा ख्याती होती. एगेरिया नबो डोंगरावर चढली, जिथून मोशेने वचनदत्त देश बघितला तिथे, आणि तिला खालची ती जागा दाखवली. ती काय लिहिते, तर पूज्य भगिनींनो, विश्वास ठेवा, खांब काही दिसत नाही, फक्त जागा दाखवतात, खांब म्हणे समुद्राच्या पाण्याखाली गेलाय, आम्ही जागा बघितली पण खांब बघितला नाही, त्यामुळे याबाबतीत मी तुम्हाला फसवू शकत नाही. तिथल्या बिशपांनीही सांगितलं की खांब दिसायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली.

आता विचार करा, तिने लिहिलं असतं की बघितला, तर तिला खोटं कोण पाडणार होतं? हजारो मैल लांब बसलेल्या मैत्रिणी? उलट त्यांना आनंदच झाला असता. पण नाही बघितलं म्हणजे नाही बघितलं. मधल्या काळात किती यात्रेकरूंनी न बघितलेल्या गोष्टी बघितल्या म्हणून लिहून ठेवल्या, त्या पार्श्वभूमीवर हे वाक्य मला फार मोठं वाटतं.

आणि ती विचारते. सारखी विचारते. यार्देन नदीच्या खोऱ्यातून जाताना एका दरीत तिला साधूची झोपडी दिसली, तर मी मुळातच जरा चौकस असल्यामुळे विचारायला लागले की हा साधू इथेच का राहतो, असं ती स्वतःच लिहिते, आणि मग कळतं की एलीया संदेष्टा दुष्काळात ज्या ओढ्याकाठी राहिला, कावळ्यांनी ज्याला अन्न आणून दिलं, तो हाच ओढा. हारानला पोचल्यावर तिथल्या बिशपांना विचारते की अब्राहामाचं मूळ गाव ऊर कुठंय, तिथे जाता येईल का? बिशप सांगतात की ते आता पर्शियन लोकांच्या ताब्यात आहे, रोमन माणसाला तिकडे जाता येत नाही. हे बारीकसं वाक्य इतिहासकारांच्या फार कामाला आलं, कारण तो सीमेचा भाग रोमन लोकांनी 363 मध्ये पर्शियनांना सोडला होता, म्हणजे ही त्यानंतर तिथे गेली हे नक्की झालं.

श्रद्धा आहेच, ती लपवत नाही. प्रत्येक जागी पोचलं की प्रार्थना, बायबलमधला त्या जागेचा उतारा, एखादं स्तोत्र, परत प्रार्थना, असा तिचा नेम होता. पण श्रद्धा असलेला माणूस डोळे मिटूनच चालतो हे आपण गृहीत का धरायचं?

प्रश्न: आम्ही चेन्नईत राहतो, इथे मैलापूरला संत थॉमसची कबर आहे. एगेरियाने थॉमसचं काही लिहिलंय का? (चेन्नईहून एक मराठी कुटुंब)

हो, आणि चांगला दुवा काढलात. ती एदेसाला गेली, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं शानलिउर्फा, ते खास थॉमसच्या दर्शनासाठीच. तेव्हा थॉमसच्या अस्थी तिथे आहेत अशी ठाम समजूत होती, आणि त्या भारतातून एका व्यापाऱ्याने आणल्या असं त्याच शहरात राहिलेल्या एफ्रेम या सिरियाक, म्हणजे तिकडच्या जुन्या भाषेतल्या, कवीच्या गीतात आहे, एफ्रेम वारला 373 मध्ये, म्हणजे ही पोचायच्या दहाएक वर्षं आधी. एगेरिया स्वतः भारताचं नाव घेत नाही, ती म्हणते की आम्ही चर्चला आणि थॉमसच्या समाधीला गेलो, प्रार्थना केली, थॉमससंबंधीचं थोडं वाचनही केलं.

एदेसाच्या बिशपांचं बोलणं तिने नोंदवलंय, की मुली, तू धर्मासाठी एवढे कष्ट घेऊन पृथ्वीच्या पार टोकाकडून आलीस तर इथे बघण्यासारखं जे जे आहे ते आम्ही दाखवतो. मग त्यांनी राजा अबगारचा वाडा दाखवला, येशूने या राजाला पत्र पाठवलं होतं अशी तिथली आख्यायिका, त्या पत्राची नक्कल तिला दिली, आणि ती मैत्रिणींना सांगते की आपल्याकडे घरी एक प्रत आहे पण ही जास्त मोठी दिसतेय, मी परत आले की तुम्ही वाचालच. वाड्यात झऱ्याच्या पाण्याची तळी होती, त्यात मासे, इतके मोठे, इतके चकचकीत आणि चवीला इतके चांगले मासे मी कधी बघितले नाहीत असं ती लिहिते. ही माशांची तळी त्या शहरात आजही आहेत, लोक बघायला जातात, फक्त आता ते मासे पवित्र मानतात आणि कुणी खात नाही.

प्रश्न: आपण पवित्र सप्ताहात जे करतो, झावळ्या, गुरुवारचं जागरण, क्रूसाचं चुंबन, ते सगळं तिच्या वहीत आहे असं म्हणतात. तेव्हा आणि आताच्या पद्धतीत काय फरक? (पालघर जिल्ह्यातून)

यावर सावकाश लिहिते, कारण तिच्या वहीचा जवळजवळ अर्धा भाग हाच आहे.

यरुशलेममध्ये तेव्हा सगळं प्रत्यक्ष जागेवर व्हायचं, हा मुख्य फरक. झावळ्यांच्या रविवारी दुपारी एकच्या सुमाराला सगळे जैतुनाच्या डोंगरावर जमायचे, तिथे गीतं, वाचनं, तीन वाजता आणखी वर, आणि पाचच्या सुमाराला शुभवर्तमानातला तो उतारा वाचला की सगळे उठून बिशपच्या पुढे गात गात खाली शहराकडे निघायचे, प्रभूच्या नावाने येणारा धन्य असो हे म्हणत. गावातली सगळी मुलं, ज्यांना अजून चालताही येत नाही तीसुद्धा आईबापाच्या खांद्यावर, आणि सगळ्यांच्या हातात खजुराच्या नाहीतर जैतुनाच्या फांद्या. मोठ्या घरच्या बाया आणि बडी माणसंसुद्धा त्या दिवशी पायी. आणि सावकाश, अगदी सावकाश चालायचं, लोक दमू नयेत म्हणून, त्यामुळे पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जायची. वसईत, मुंबईत झावळ्या घेऊन जे आज चालतात त्यांनी हे वर्णन एकदा तरी वाचावं, खांद्यावरची मुलं ओळखीची वाटतील.

गुरुवारची रात्र जास्त कठीण. आधी जैतुनाच्या डोंगरावर रात्रभर प्रार्थना, मग कोंबडा आरवायच्या वेळेला खाली गेथसेमनेकडे. उपवासाने आणि जागरणाने लोक आधीच थकलेले, डोंगर उंच, त्यामुळे लहान मुलापासून सगळे पायीपायी हळूहळू उतरतायत, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून दोनशेच्या वर मोठे दिवे. गेथसेमनेत येशूच्या अटकेचा उतारा वाचला की लोकांचा असा हंबरडा फुटायचा की तो आक्रोश पार शहरापर्यंत ऐकू जात असेल असं ती म्हणते. तिथून पहाटे शहरात, आणि तेव्हा बिशप लोकांना सांगतात की रात्रभर दमलात, आता जरा घरी जा, थोडं बसा, आणि आठच्या सुमाराला परत या.

परत यायचं ते क्रूसाच्या लाकडासाठी. गोलगथावर, म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं त्या जागी, बिशपची खुर्ची, समोर पांढरं कापड टाकलेलं टेबल, भोवती डीकन म्हणजे धर्मगुरूंच्या खालचे चर्चचे सेवक उभे, आणि सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची पेटी आणतात, ती उघडून क्रूसाचं लाकूड बाहेर काढतात. बिशप बसल्या बसल्या लाकडाची दोन्ही टोकं हातांनी घट्ट धरून ठेवतात. लोक एकेक करून येतात, वाकतात, आधी कपाळ टेकवतात, मग डोळे, मग चुंबन घेऊन पुढे जातात, हात मात्र कुणीच लावत नाही. आणि डीकनांचा पहारा का, तर पूर्वी म्हणे कुणीतरी चुंबन घेताना दाताने तुकडाच तोडून नेला होता. हे सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत चालतं, आणि मग बारा ते तीन उघड्या अंगणात नुसती वाचनं, दुःखसहनाचा सगळा वृत्तांत, आणि लहानथोर कुणी असा नाही जो त्या तीन तासांत रडत नाही.

भाषेचंही तिने बघितलंय. बिशपना सिरियाक येते पण ते ग्रीकमध्येच बोलतात, शेजारी उभा असलेला धर्मगुरू ते सिरियाकमध्ये सांगतो, आणि ज्यांना दोन्ही येत नाहीत, फक्त लॅटिन येते, त्यांना तिथले ग्रीक आणि लॅटिन दोन्ही जाणणारे बंधू आणि भगिनी समजावून देतात, कुणी खट्टू होऊ नये म्हणून.

उपवासाबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. ईस्टरच्या आधीच्या काळात काहीजण आठवड्यातून एकदाच जेवायचे, काही दोन दिवसांनी, काही रोज संध्याकाळी, ज्याला जितकं झेपेल तितकं, आणि ती लिहिते की जास्त करणाऱ्याची कुणी स्तुती करत नाही आणि कमी करणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, इथली पद्धतच तशी आहे. माझ्या मते तिच्या सगळ्या वहीतलं हे सगळ्यात शहाणं निरीक्षण, आणि आपल्याकडे, कुठल्याही धर्मात, उपवासाच्या दिवसांत घराघरात जे बोलणं चालतं ते ऐकलं की ते जास्तच पटतं.

प्रश्न: अशा अजून बायका होत्या का? पुरुष मंडळींनी विरोध केला नाही का? (कोल्हापूरहून)

होत्या, बऱ्याच. रोममधली मोठ्या घराण्यातली थोरली मेलानिया, बाविसाव्या वर्षी विधवा झालेली, 370 नंतर पूर्वेकडे गेली आणि जैतुनाच्या डोंगरावर तिने मठ काढला. पाउला 385 मध्ये रोम सोडून निघाली, मुलगी युस्टोकियम बरोबर, धाकटा मुलगा किनाऱ्यावर हात पसरून उभा असताना ती जहाजावर चढली असं बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लिहिलंय, एरवी पालखीत फिरणारी ही बाई ऐन थंडीत गाढवावर बसून गेली, शेवटी बेथलेहेमला स्थायिक झाली, हिब्रू शिकली आणि 404 मध्ये तिथेच वारली. पाउला आणि युस्टोकियम यांच्या नावाने रोमच्या मैत्रिणीला, मार्सेलाला लिहिलेलं एक पत्र आहे, तू पण ये म्हणून, त्यात यरुशलेमला कुठून कुठून लोक येतात त्या यादीत भारताचंही नाव आहे. पण त्या पत्रामागे जेरोमचीच लेखणी आहे असं पुष्कळांना वाटतं, आणि पाउलाचा प्रवास तर आपल्याला जेरोमच्याच शब्दांत कळतो. एगेरियाचं महत्त्व इथेच आहे, मधे कुणी पुरुष नाही, तिचं तीच सांगतेय.

विरोध होताच. निसाचा ग्रेगरी, मोठा विचारवंत, तो स्वतः त्याच सुमाराला यरुशलेमला जाऊन आला आणि मग त्याने एका पत्रात लिहिलं की यात्रा करा अशी प्रभूची आज्ञा कुठेच नाही, आणि बाईला तर प्रवास जमतच नाही, जनावरावर चढवायला उतरवायला पुरुष लागतो, त्यात धर्मशाळा सगळ्या गैरवर्तनाच्या जागा. जागा बदलून देव जवळ येत नाही हा त्याचा मुद्दा विचार करण्यासारखाच आहे, तो मी नाकारत नाही. पण बायकांच्या दुबळेपणाबद्दल तो जे म्हणतो त्याच्या शेजारी सीनायची ती चढण ठेवा.

अजून एक. एगेरिया किती बिशपना भेटली, पण एकाचंही नाव ती लिहीत नाही, यरुशलेमचे तेव्हाचे बिशप सिरिल हे केवढे मोठे नाव, तेही नाही. तिच्या वहीत तिच्या काळातल्या एकाच व्यक्तीचं नाव आहे, मार्थाना. ही डीकनेस, यरुशलेमला हिची ओळख झालेली, आणि परतीच्या वाटेवर सेलुसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सिलिफकेजवळ, संत थेक्लाच्या समाधीपाशी अचानक परत भेटली. ती मला भेटली तेव्हा तिला आणि मला किती आनंद झाला ते मी लिहू तरी कसं, असं एगेरिया म्हणते.

प्रश्न: ही वही मिळाली कशी? (साताऱ्याहून)

थोडक्यात सांगते. 1884 मध्ये इटलीतल्या आरेत्सो शहरात गामुर्रिनी नावाच्या अभ्यासकाला एका लायब्ररीत अकराव्या शतकातली हस्तलिखित प्रत सापडली, मूळ मोंते कास्सिनोच्या मठात नक्कल केलेली, त्यात एका बिशपच्या लिखाणाला जोडून ही अर्धवट वही. 1887 मध्ये ती छापली, तेव्हा त्याला वाटलं ही सिल्व्हिया नावाची दुसरीच कुणी बाई, 1903 मध्ये फेरोतां या बेनेडिक्टाइन साधूने वालेरियसच्या पत्राशी जुळवून खरं नाव लावलं, आणि 381 ते 384 हा काळ नक्की केला तो पॉल देवोस या बेल्जियन अभ्यासकाने. तिची लॅटिन पुस्तकी नाही, लोक बोलायचे तशी आहे, म्हणून स्पॅनिश आणि फ्रेंच भाषांचा इतिहास शिकवणारे तिला फार मानतात.

प्रश्न: मराठीत याच्यासारखं काही आहे का? आणि वाचायचं तर सुरुवात कुठून करू? (न्यू जर्सीहून)

थेट नातं जोडायला मी जाणार नाही, पण दोन गोष्टी सांगते. महानुभावांची स्थानपोथी, चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले त्या जागांची नोंद, त्यातली जागेबद्दलची बारकाई बघितली की एगेरियाच्या नोंदी आठवतात. आणि प्रवास पत्रातून घरच्यांना सांगायचा म्हटलं तर पंडिता रमाबाई, 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तो प्रवास त्यांनी पत्ररूपानेच मराठीत लिहिला, अमेरिकेवरचं त्यांचं मोठं पुस्तक 1889 चं. रमाबाईंनी एगेरिया वाचलेली नसणार, तिची वही छापून होतच होती तेव्हा, पण दोघींनाही बघितलेलं सगळं मागे राहिलेल्यांपर्यंत पोचवायची तीच घाई आहे.

वाचायला इंग्रजीत चांगली भाषांतरं आहेत, एकापेक्षा जास्त. पहिला अर्धा भाग, प्रवासाचा, नकाशा शेजारी उघडून एका बैठकीत वाचा, फार मोठा नाही. सुरुवात अर्ध्या वाक्यातून होते, दचकू नका, पानं हरवलीत म्हणून तसं आहे, सरळ सीनायची दरी समोर येते. मधे मधे बायबलमधल्या जागांची नावं आली की तेवढा उतारा आधी वाचून घ्या, ती पण तसंच करायची. दुसरा अर्धा भाग उपासनेचा, तो सलग वाचताना कंटाळा येतो हे खरं आहे, त्यामुळे तो पवित्र सप्ताहापर्यंत राखून ठेवा आणि त्या त्या दिवशी त्या त्या दिवसाचं पान वाचा.